लांबून आलेल्याचं ताट

प्रियदर्शनीला घरी जायची परवानगी मिळाली नाही, कारण तिचं घर तिथंच होतं.

गुरुवारी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत काचेमागं बसलेल्या साहेबानं हे इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नाही. त्यानं तीनच प्रश्न विचारले. शिक्षण झाल्यावर भारतात परत येणार का, भारतात तुझं कोण आहे, आणि आई-वडील कुठं असतात. पोरगी लहानपणापासून खरं बोलणारी, त्यामुळं खरंच बोलली. आई, बाबा आणि धाकटा भाऊ ओहायोत असतात, मी तीन वर्षांची असल्यापासून तिथंच आहे, कॉलेजचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलंय. दोन मिनिटांत पासपोर्ट काचेखालून परत आला. शिकायला येणाऱ्यानं परत जाणार असल्याची खात्री द्यावी लागते, आणि जिचं सगळं गणगोत अमेरिकेत ती परत कशाला जाईल, असा साहेबाचा हिशेब. हिशेब चुकलेला नव्हता, हीच तर पंचाईत होती.

खरं म्हणजे तिला काचेपुढं उभं राहायची वेळच यायला नको होती. तिच्या बापाच्या, विजयसिंहच्या, तिथल्या वकिलानं बजावलं होतं की मुलगी एकवीस पूर्ण करतेय, बापाच्या व्हिसावर ती त्या दिवसापर्यंतच, तेव्हा तिचे विद्यार्थ्याचे कागद इथंच बसून बदलून घ्या आणि तोपर्यंत देश सोडू नका. पण त्याच आठवड्यात कोल्हापूरहून उदयसिंहचा फोन आला. अंबूआत्तीला एक्याऐंशी पुरी होताहेत, सगळ्यांनी यायचं, पोरं मागं ठेवून आलास तर मी दारात उभं करणार नाही. वकिलाचं ऐकायचं की थोरल्या भावाचं, असा प्रश्न मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला पडतच नाही. विजयसिंहनं चार तिकिटं काढली. कोल्हापुरात उतरल्यावर सहाव्या दिवशी प्रियदर्शनीचा वाढदिवस झाला. बनाकाकूनं औक्षण केलं, अंबूआत्तीनं साखर भरवली, आणि त्याच दिवशी बापाच्या कागदांवरून तिचं नाव गळालं.

धाकट्या राजवर्धनला यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. तो तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, ओहायोतल्या दवाखान्यात जन्मला आणि टाळू भरायच्या आत अमेरिकेचा नागरिक झाला. सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात नोकरीला लागला. त्याच घरात राहणाऱ्या बहिणीला मात्र नोकरी करायची मुभा नव्हती. पहिल्या पगारातून त्यानं तिला मोबाईलचं कव्हर घेऊन दिलं होतं. ते तिनं अजून बदललं नव्हतं.

कोल्हापुरात तरी ही तफावत मिटावी की नाही? उलट वाढली. राजवर्धनसाठी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बाटलीबंद पाण्याची सहा खोकी रचली होती. घरातली एकुलती एक एसीची खोली त्याला. जेवायला पांढरा रस्सा, आणि त्यातही मिरी बेतानं. प्रियदर्शनी अंबूआत्तीच्या शेजारी गादी घालून झोपायची, नळाचं पाणी प्यायची आणि कांदे चिरायची. एवढा भेद कशाला, असं पोरांच्या आईनं, क्रांतीनं, एकदा जावेला विचारून पाहिलं. बनाकाकू म्हणाली, "ती काय, हितलीच की. आमच्याच हातात जन्मलीया."

प्रियदर्शनीला या बोलण्याचा राग यायचा की बरं वाटायचं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

ताटाचंही तेच. या घरात पहिलं ताट सगळ्यांत लांबून आलेल्याला वाढायचं, ही पोरांच्या आजोबांची, पिराजीआबांची रीत. आबा पोरवयात निपाणीकडून चालत शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडं कामाला आले, तेव्हा ज्या नातेवाइकांकडं उतरले तिथं त्यांना सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं मिळायचं. स्वतःचं घर झाल्यावर त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की माझ्या घरात लांबून आलेलं माणूस आधी जेवणार. आता दोन्ही पोरं एकाच विमानातून, शेजारच्या खुर्च्यांवर बसून आली होती. तरी पंधरा दिवस पहिलं ताट राजवर्धनपुढंच जात होतं, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

नशिबानं पुढच्या मंगळवारची मुलाखतीची दुसरी तारीख मिळाली. म्हणून रविवारी सकाळी उदयसिंहनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. आत मटण शिजत होतं आणि बाहेर बैठक. उदयसिंहचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटा मशीन शॉप आहे. तिथं एखादा सुटा भाग बिघडला की तो आधी वहीत त्याचं चित्र काढतो. आताही त्यानं वही उघडली होती.

"सायबाचं म्हणणं काय, तर पोरीला हितं बांधून ठेवणारं काय न्हाय," तो म्हणाला. "मग बांधूया की. त्यात काय अवघड हाय?"

पहिला दोर त्यानं स्वतःच आणला होता. खिशातून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढला. प्रियदर्शनी, उत्पादन व्यवस्थापक, खाली कागलचा पत्ता. शाहूपुरीतल्या छापखान्यात काल संध्याकाळी दोनशे छापून घेतली होती. विजयसिंहनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि हळूच विचारलं की दादा, हे खोटं नाही का होत. उदयसिंह म्हणाला की मुंबईचं सोडलं तर आठ दिवस ती रोज माझ्याबरोबर कागलला येतेय, आणि शाई तर खरीच आहे.

कागलला जाण्याचं मात्र खरं होतं. पहिल्या दिवशी राजवर्धनही गेला होता. पंचतारांकित म्हटल्यावर तो पोहण्याची चड्डी घेऊन गेला आणि दुपारच्या आत रिक्षानं परत आला. प्रियदर्शनी संध्याकाळपर्यंत थांबली. ड्रिलच्या मशीनपाशी माणूस माल उचलायला दर वेळी जमिनीपर्यंत वाकतो, हे तिनं तासभर उभं राहून पाहिलं. मग बाहेरच्या आठ विटा आणून त्यावर फळी टाकली आणि माल फळीवर ठेवायला सांगितला. फोरमन मीरासाब तीस वर्षं तिथं काम करत होते. ते फळीकडं बघून नुसते हसले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनपाशीही फळी दिसली.

दुसरा दोर अंबूआत्तीनं काढला. तिच्या मते या सगळ्यावर एकच औषध, साखरपुडा. पोरगा तिच्या बघण्यात होता. दुधाचा धंदा, घरात बारा म्हशी, स्वतःचा टेम्पो. क्रांतीचा चेहरा पडला तशी आत्ती तिला समजावत म्हणाली, "लगीन कुठं म्हणतीया मी? नुसता साखरपुडा. फोटो काढायचं, सायबाला दाखवायचं, मग मोडायचा. मोडल्याली काय कमी हाईत आपल्या घरात?"

यावर विजयसिंह खिडकीबाहेर बघू लागला, कारण मोडलेल्यांतला एक त्याचा होता. क्रांतीला हसू आलं. गुरुवारपासून नवराबायको एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. तू भावाचं ऐकलंस, असं ती म्हणायची, आणि तू तेव्हा गप्प बसलीस, असं तो. आत्तीच्या म्हशींनी तेवढा अबोला सोडवला.

तिसरा दोर जाड निघाला. उदयसिंहनं वहीचं पान उलटलं आणि म्हणाला की आबांच्या रानातला विजयचा अर्धा हिस्सा पोरीच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू. उद्या दुपारी सह्या, रात्री मुंबईची गाडी. सातबाऱ्यावर नाव चढायला उशीर लागेल, पण बक्षीसपत्र तर हातात असेल. रान असलेली माणसं रान सोडून जात नसतात, हे साहेबालाही कळत असणार.

दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक सरकत्या काचेची खिडकी होती, ताटं बाहेर द्यायला. बोलणं तिथपर्यंत आलं आणि आत बनाकाकूचा खोबरं वाटणारा मिक्सर बंद पडला.

अठरा वर्षांपूर्वी विमानात बसताना विजयसिंह म्हणाला होता की वहिनी, मी काय आता ऊस लावायला येत नाही, रान तुमचंच समजा. बनाकाकू तसंच समजत आली होती. सासूचं दुखणं तिनं काढलं, आबांची शेवटची तीन वर्षं तिनं काढली, भांगलणीला बायका मिळाल्या नाहीत तेव्हा स्वतः रानात गेली. तिकडून दर दिवाळीला चॉकलेटं यायची. ती वाईट माणसं नव्हती, पण चॉकलेटं पाठवणं आणि आजाऱ्याची कूस बदलणं यात फरक आहे, हे तिला कुणाशी तरी एकदा बोलायचं होतं, आणि बोलायला कुणी बसलं नव्हतं. तिचा मुलगा आदर्श पुण्यात शिकत होता. रान त्याचं, असं तिनं मनात कधीच धरलं होतं.

तिनं काच सरकवली. "नावाला म्हणूनच ना?" तिनं विचारलं.

"नावालाच की," उदयसिंह घाईनं म्हणाला. "व्हिसा झाला की परत फिरवायचं."

"नावाला म्हणून चढल्यालं नाव परत उतरताना मी तरी अजून बघितल्यालं न्हाय."

आजवर काहीही झालं तरी जावेच्या बाजूनं उभी राहणारी क्रांती पहिल्यांदा तिच्या नजरेला नजर देईना, कारण पोरीचं वर्ष वाया जाणार होतं आणि रान चालणार असेल तर तिला रान हवं होतं. अंबूआत्ती मात्र तेवढ्यात बनाकाकूकडं सरकली. बक्षीसपत्रापेक्षा म्हशी बऱ्या, असं ती पुटपुटली. वातावरण हलकं करायला विजयसिंह म्हणाला की द्यायचंच तर दोन्ही पोरांना निम्मं निम्मं देऊ. तेव्हा उदयसिंहनं सांगितलं की ते विचारून झालंय. परदेशी नागरिकाला शेतजमीन बक्षीस देता येत नाही. प्रियूला चालते, राजाला नाही.

राजवर्धननं फोनमधून डोकं वर काढलं. "मला नाही? का?"

"तू हितला न्हवंस म्हणून," आत्ती म्हणाली.

"पण ताईला चालतं?"

प्रियदर्शनी गुरुवारनंतर पहिल्यांदा हसली, आणि चांगली खळखळून हसली. सोळा वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी निघालं होतं की जे तिला मिळत होतं आणि त्याला नाही. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली की अर्ज कर, नंबर लागेल. राजवर्धनही हसला, पण जरा उशिरा. भावानं बहिणीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा तर तो एकवीसचा व्हायला लागतो आणि पुढं वीसेक वर्षं थांबावं लागतं, हे त्यानं शुक्रवारी रात्रीच फोनवर शोधून पाहिलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. नंबर लागेपर्यंत ताई सत्तेचाळीस वर्षांची होत होती.

रानाचं भिजत घोंगडं तसंच ठेवून उदयसिंह पुढच्या कामाला लागला. दोर बांधून उपयोग नाही, पोरीला ते धडाधड सांगता आले पाहिजेत. तेव्हा रंगीत तालीम घ्यायची. साहेब कुणाला करायचं? विजयसिंह पुढं झाला तर उदयसिंह म्हणाला, "तू कुठला सायब? अकरा वर्षं झाली, ग्रीन कार्डाला तुझाच नंबर लागंना. घरात खरा अमेरिकन एकच हाय. राजा, उठ."

काच आयतीच होती. राजवर्धनला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, काच अर्धी ओढली, कारखान्याचा रबरी शिक्का आणि शाईचा पॅड त्याच्यापुढं ठेवला. आत्तीला कळलं पाहिजे म्हणून मुलाखत मराठीत घ्यायची ठरली. बनाकाकू त्याच्या पाठीमागं गॅसपाशी उभी राहून मुद्दाम मोठ्यानं डाव आपटत होती.

पहिल्या फेरीत त्यानं तिचं आवडतं आइस्क्रीम विचारलं आणि काकांची शिवी खाल्ली. दुसऱ्या फेरीत तिनं वहीतलं सगळं घडाघडा म्हटलं. व्यवस्थापक, कारखाना, रान. शाळेतल्या कवितेसारखं झालं, असं विजयसिंह म्हणाला. डोळ्यात बघून बोल, असं क्रांती म्हणाली. साहेबानंही जरा साहेबासारखं विचारावं, असं आत्ती म्हणाली. मग राजवर्धन ताठ बसला आणि तिसरी फेरी सुरू झाली.

"कशाला जायचंय?"

"शिकायला. शेवटचं वर्ष राहिलंय."

"इथं कोण आहे तुझं?"

"काका, काकू, आत्तीआज्जी."

"तिकडं कोण आहे?"

"आई-बाबा. आणि भाऊ."

"मग तू परत कशाला येशील?"

हा प्रश्न वहीत असाच नव्हता. प्रियदर्शनीनं हातातल्या कार्डाकडं पाहिलं. काचेपलीकडं तिचा भाऊ बसला होता. त्याला तिनं सायकल शिकवली होती, त्याच्या पहिल्या नोकरीचा अर्ज तिनंच भरला होता. त्याच्याशी घोकलेलं बोलणं तिला जमेना.

"मी फळी ठेवली ना विटांवर," ती म्हणाली, "त्या दिवशी सुटताना मीरासाबचाचांनी विचारलं, ताई, उद्या येणार न्हवं? तिकडं मला असं कुणी कधी विचारलं नाही. शाळेत, बँकेत, कॉलेजात, सगळे एकच विचारतात, तू कधीपर्यंत आहेस? अठरा वर्षं मी तारखा सांगत आलेय. वर्ष पुरं करायचंय मला, ते माझं आहे. पण पुरं झालं की मी येणार."

बाहेर उदयसिंहनं मांडीवर थाप मारली. असं बोल म्हणजे साहेब उठून दार उघडेल, असं तो म्हणाला. विजयसिंहनंही मान डोलावली. पोरगी नाटकात कधी नव्हती, हे कुठून शिकली याचं त्याला कौतुक वाटलं. क्रांतीला कौतुक वाटलं नाही. ती पोरीची आई होती, तिला त्यातलं खरं ऐकू आलं होतं.

राजवर्धनलाही ऐकू आलं होतं. त्यानं शिक्का उचलला नाही.

"आणि भाऊ?" त्यानं विचारलं.

"भाऊ येईल की भेटायला," ती म्हणाली. "त्याला कुठं कोण अडवतंय?"

शिक्का मारा सायेब, असं बाहेरून काका ओरडले. राजवर्धननं शिक्का शाईत बुडवला. काचेखालून तिनं कार्ड पुढं केलं होतं, त्याच्यावर अगदी मधोमध मारला आणि कार्ड परत सरकवलं. बाहेर टाळ्या झाल्या.

बनाकाकूनं गॅस बारीक केला. ती खिडकीपाशी आली आणि पुतण्याच्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, "बक्षीसपत्र करायचं तर खरंच करा. नावाला नको."

उदयसिंहला वाटलं ही चिडून बोलतेय. तो सारवासारव करायला लागला.

"मला बोलू द्या की जरा," बनाकाकू म्हणाली. "न येणाऱ्याच्या नावावर रान गेलं तर माझ्या जिवाला लागतंय. येणाऱ्याच्या नावावर जाऊ दे. निम्मं आदर्शचं, निम्मं हिचं, आणि भांगलणीला दोघांनी यायचं. खोटा कागद घेऊन माझी पोरगी सायबाफुडं उभी ऱ्हाणार न्हाय."

क्रांती उठून आत गेली. दोघी जावा काय बोलल्या ते बाहेर कुणाला कळलं नाही. नंतर बराच वेळ आतून दोघींपैकी एकीच्या नाक शिंकरण्याचा आवाज येत होता. आत्तीनं म्हशींचा विषय तेवढ्यापुरता मागं घेतला.

मग पानं मांडली. साहेब अजून स्टुलावरच बसला होता, त्याला उठवून बाहेर आणून बसवलं. बनाकाकूनं पहिलं ताट वाढलं, काचेतून बाहेर काढलं आणि स्वतःच हात तसाच धरून थांबली. पंधरा दिवस ते डोळे झाकून जिकडं जात होतं तिकडं द्यावं की नाही, असं तिच्या मनात आलं असावं. आज पोरीचा मान आहे, असं ती म्हणाली, आणि ताट प्रियदर्शनीच्या बाजूला वळवलं.

"तिला नको," राजवर्धन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. विजयसिंहला पोराची लाज वाटली.

"ती लांबनं न्हाय आली," तो म्हणाला. त्याची मराठी इतकी कोल्हापुरी कुणी ऐकली नव्हती. "ती हितली हाय. लांबचा मी हाय. मला दे."

प्रियदर्शनीनं ताट काकूच्या हातातून घेतलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. ताटात नेहमीप्रमाणं पांढऱ्या रश्श्याची वाटी होती. ती त्यानं उचलून बहिणीकडं सरकवली आणि तांबडा मागितला. क्रांती नको नको म्हणाली, उदयसिंह म्हणाला वाढ गं, मर्द गडी हाय. बनाकाकूनं वाटी भरून दिली. त्यानं ती एका दमात अर्धी प्यायली.

तांबड्या रश्श्याचं एक बरं असतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तरी कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. आत्ती हसायला लागली, उदयसिंहनं पाठीवर थाप मारली, विजयसिंह बाटली आणायला खोक्यांकडं धावला. राजवर्धन मान खाली घालून भाकरी कुस्करत होता आणि नाक पुसत होता.

विजयसिंहनं आणलेली बाटली प्रियदर्शनीनं बाजूला ठेवली. नळाच्या पाण्यानं भरलेला आपला तांब्या तिनं भावापुढं सरकवला. क्रांतीनं ते बघितलं आणि बाटली उचलून खोक्यात परत ठेवली.